हलक्या धक्क्याचं काडतूस

"दुसरी गोळी मी सोबत घेणारच नाही," असं दशरथ भर सभेत उठून म्हणाला, आणि तिथूनच सगळं बिघडायला लागलं.

सभा होती धामणेखोल ग्रामस्थ मंडळ, मुंबई, यांची. धामणेखोल हे गाव कोकणात आहे, पण ते चालतं मुलुंडहून. देवळाच्या कळसाला रंग कुठला द्यायचा, विहिरीवर पंप बसवायचा की नाही, कुणाची म्हैस कुणाच्या कुंपणात शिरली तर चूक म्हशीची की कुंपणाची, हे सगळं मुलुंडच्या एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये ठरतं, सूचक आणि अनुमोदकासह. गावात राहतात ती माणसं फक्त ठरल्याप्रमाणे करतात. कधीकधी तेही करत नाहीत.

त्या रविवारी विषय होता रानडुकरांचा. भात पोटरीला आलं होतं आणि डुकरांचा कळप ते बसून खात होता. बऱ्याच खेपा घातल्यावर वनखात्याने डुक्कर मारायची परवानगी दिली होती. मारलेलं डुक्कर मात्र खात्याच्या ताब्यात द्यायचं, खातं ते पुरणार. ही अट सेक्रेटरी सुबोधने वाचून दाखवली तेव्हा अर्धी सभा चहा पिऊन निघून गेली.

उरलेल्या अर्ध्या सभेपुढे दशरथ उठला होता. कारण धामणेखोलात पहिल्या गोळीचा मान त्याच्या घराचा. आजोबांपासूनचा. लायसन आजोबांचं, मग बापाचं, मग दशरथचं, बंदूकही तीच. हा मान म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. इतरांनी एवढंच समजावं की त्यात मिळत काहीच नाही, आणि तो गेला तर माणसाला जेवण जात नाही. ज्या घराचा मान ते घर वेळेला उभं राहिलं नाही तर मान पुढच्या घराला जातो. गेलेला परत येत नाही.

पुढचं घर सहदेवचं. सहदेव म्हणजे दशरथचा चुलतभाऊ, मंडळाचा अध्यक्ष, आणि दशरथच्या तब्येतीची इतकी चौकशी करणारा माणूस साऱ्या मुंबईत दुसरा नाही. दशरथ नुसता शिंकला तरी सहदेव विचारायचा, "जड वाटता काय रे छातीत?"

आताही त्याने विचारलं. "एका गोळीत करतलस? या वयात? खांदो झेपात काय तुका?"

"माझो खांदो?" दशरथने डाव्या हाताने उजवा खांदा थोपटला. हळूच थोपटला. "दगड आसा, दगड!"

टाळ्या पडल्या.

आता खरं काय ते सांगायला हवं. दशरथचा उजवा खांदा दगडाचा नव्हता, स्क्रूचा होता. गेल्या वर्षी पुतण्याच्या वरातीत त्याने नवरदेवाला खांद्यावर घेऊन नाचायचा हट्ट धरला. नवरदेव जिमला जाणारा. बँडवाल्याने ताल वाढवला आणि दशरथच्या खांद्यात बांबू मोडल्यासारखा आवाज झाला. अंधेरीला ऑपरेशन झालं. मंडळात कळलं तर सहदेव मान मागायला पेढे घेऊनच येईल, म्हणून घरच्यांना शपथा घातल्या आणि मंडळाला कळवलं की दशरथ तिरुपतीला गेलाय. पुढे लक्षात आलं, तिरुपतीहून आलेल्या माणसाच्या डोक्यावर केस कसे? मग दशरथने बोरिवलीतच न्हाव्याकडे जाऊन गोटा केला. एक खोटं टिकवायला स्वतःची हजामत करून घेणारा हा माणूस, हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं नवल वाटणार नाही.

सून श्रुतिका फिजिओथेरपिस्ट. तिने घरातच व्यायाम चालू केले होते आणि बजावून ठेवलं होतं, "बाबा, या खांद्याला झटका लागता कामा नये. रिक्षात पण उजवीकडे बसू नका."

आणि दशरथची बंदूक तर लाथ मारण्याबद्दल तालुक्यात प्रसिद्ध. बाप म्हणायचा, ही बंदूक पुढे डुकराला मारते आणि मागे माणसाला. दोघांतलं कोण आधी पडतं ते बघायचं.

सभेहून घरी आल्यावर बायको जानकी म्हणाली, "जाऊन सांगून टाका. खांदो गेलो तर मान घेऊन काय करतलास? लोणचां?"

"सांगायची काय गरज? बंदूक तीच ठेवायची, काडतूस हलकां घ्यायचां. जगात काडतुसां काय एकच आसतत?"

आणि दुसऱ्या दिवशी दशरथ अंधेरीला रतनशेठच्या बंदुकीच्या दुकानात गेला.

"शेठ, एक काडतूस दाखवा. डुकराला लागेल पण खांद्याला लागणार नाही असं."

रतनशेठने चष्मा खाली करून बघितलं. "बंदूक कुठली?"

"तीनशे पंधरा बोअरची. आजोबांची."

"काका, तिला एकच काडतूस बसतं. कुलूप एक, चावी एक. काडतूस बदलायचं तर बंदूक बदला."

"मग बदलू."

"नवीन बंदूक घ्यायची तर लायसनवर नोंद पाहिजे, पोलिसांची परवानगी पाहिजे. तोपर्यंत तुमच्या डुकराला नातवंडं होतील."

दशरथने काचेखालच्या एका बारीकशा काडतुसाकडे बोट केलं. "हे? हे किती गोड आहे."

"बावीसचं? खांद्याला कळणार पण नाही. प्रॉब्लेम एकच, डुकराला पण कळणार नाही. त्याने डुक्कर मरत नाही काका, रागावतो. मग तुम्हाला झाडावर चढावं लागणार."

झाडावर चढायलाही खांदाच लागतो, हे दशरथच्या मनात आलं.

रतनशेठला दया आली असावी. त्याने स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं. "गोळी जेवढ्या जोरात पुढे जाणार, तेवढी बंदूक मागे येणार. याच्यात सूट नाय. मोठं जनावर पाडायचं तर थोडं आपण पण पडायचं. परदेशात हलक्या धक्क्याची काडतुसं मिळतात, पण ती त्यांच्या बंदुकीला. आपल्याकडे एकच उपाय. दस्त्याला रबर लावा, जाड जाकीट घाला, बंदूक घट्ट धरा. ढिली धरली तर जास्त लागते. पण खांदा कुणाचा खराब आहे? तुमचा?"

"छे!" दशरथ दचकलाच. "माझ्या मित्राचा."

"कोण मित्र?"

शेठने सहज विचारलं होतं. पण खोटं बोलणाऱ्या माणसाला कुणी सहज काही विचारू नये. दशरथच्या तोंडात जे नाव कायम घोळत असायचं तेच बाहेर पडलं.

"सहदेव. आमचे अध्यक्ष. अगदी कामातून गेलाय खांदा. पण कुणाला सांगत नाही बिचारा."

"अरेरे," रतनशेठ म्हणाला.

इकडे डुकरं थांबायला तयार नव्हती. पुढच्या सभेत सहदेवने विचारलं, "दशरथ अजून बोरिवलीत कसो? डुकरां बोरिवलीक येतली म्हणान वाट बघता काय?"

दशरथला काहीतरी बोलणं भाग होतं. "माझी बंदूक भयंकर जोराची. गोळी डुकरातून आरपार जाते आणि पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. पूर्वी मागे रान होतं. आता काय आहे? सहदेवची काजूची बाग! तिथे कुणी वाकून गवत काढत असला तर? म्हणून मी हलकं काडतूस बघतोय. अभ्यास चालू आहे."

एवढी जबाबदारीची भावना मंडळाने यापूर्वी पाहिली नव्हती. सुबोध तर हेलावूनच गेला. सुबोध बँकेत नोकरीला, स्वभावाने इतका मऊ की दिवाळीत फटाक्यांची लड लागली की कानात बोटं घालून बाथरूममध्ये जाऊन बसतो. तो म्हणाला, "दशरथकाकांनी एकट्याने एवढा भार का उचलावा? मी काडतूस निवड उपसमितीची सूचना मांडतो."

"काजू माझे आसत," सहदेव म्हणाला, "मी समितीत आसलय."

दशरथ नको नको म्हणेपर्यंत अनुमोदनही झालं.

पुढच्या शनिवारी उपसमिती रतनशेठच्या दुकानात हजर. दशरथ सगळ्यात मागे, शोकेसच्या आडोशाला. सुबोधने ओळख करून दिली. "हे आमचे अध्यक्ष, सहदेवकाका. आम्हाला जरा हलक्या धक्क्याचं काडतूस..."

"सहदेवभाऊ!" रतनशेठ गल्ला सोडून बाहेर आला. त्याने सहदेवचा हात दोन्ही हातांत घेतला, पण असा, जसा फुटका माठ धरावा. "या, बसा. खांदा कसा आहे?"

"खांदो? कोणाचो?"

"भाऊ, माझ्यापासून काय लपवायचं? मला सगळं कळलंय. या वयात होतं. लाजायचं नाय."

"ओ शेठ, माझो खांदो बरो आसा!"

"असंच बोलतात सगळे," रतनशेठने सुबोधकडे बघून मान हलवली. "स्वाभिमानी माणूस आहे."

सहदेव ओरडला, "कोणी सांगल्यान तुका?" तो ओरडला तसा त्याचा हात वर गेला, आणि रतनशेठ धावत जाऊन तो खाली करू लागला. "वर नका नेऊ भाऊ, वर नका नेऊ!"

दशरथ एका पेंढा भरलेल्या कोल्ह्याकडे एकटक बघत उभा होता. कोल्हाही त्याच्याकडे बघत होता. दोघांपैकी कोल्ह्याच्या चेहऱ्यावर जास्त रंग होता. शेठचं तोंड पुन्हा उघडायच्या आत दशरथने घड्याळाकडे बघितलं, मेट्रोचं काहीतरी पुटपुटला आणि दोघांना दंडाला धरून बाहेर काढलं.

सुबोधने परतीच्या वाटेवरच मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, "अध्यक्षांच्या खांद्याचे दुखणे आज उघड झाले. इतके दिवस वेदना लपवून त्यांनी मंडळाची सेवा केली. ग्रामदेवता त्यांना आराम देवो."

संध्याकाळपर्यंत सहदेवच्या घरी माणसांची रीघ लागली. कुणी मोसंबी आणली, कुणी निरगुडीचा पाला. घाटकोपरहून रिक्षा करून आलेल्या एका म्हातारीने सांगितलं, रानडुकराची चरबी चोळ, दुसरा उपाय नाही. सहदेव प्रत्येकाला हात गोल फिरवून दाखवायचा. माणसं म्हणायची, "बघा, किती सोसतो!"

आठवडाभरात सहदेव वैतागून अर्धा झाला. रविवारच्या सभेला तो जिन्याशी पोचला तेव्हा खाली पाण्याचा मोठा जार ठेवलेला होता आणि सुबोध पिशवी घ्यायला पुढे धावला. "द्या काका, तुम्ही काही उचलू नका."

झालं! सहदेवचा स्फोट झाला. "उचलू नको? बघ मेल्या! सगळ्यांनी बघा!" असं म्हणून त्याने तो भरलेला जार उचलून उजव्या खांद्यावर टाकला आणि जिना चढायला लागला. पहिला मजला झाला. माणसं मागून चालली होती, जशी पालखीमागून चालावी. दशरथही होता, आणि खरं सांगायचं तर त्याला मनातून कौतुकच वाटत होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सहदेव विजयाने मागे वळला.

आवाज दशरथच्या ओळखीचा होता. बांबू मोडल्यासारखा.

जार जिन्यावरून गडगडत खाली गेला आणि मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच सभा ओल्या चपलांनी बरखास्त झाली.

सहदेवचा खांदा आता खरोखरच गेला. सगळे म्हणाले, "तरी आम्ही सांगत होतो."

डॉक्टरने गळ्यात पट्टा घालून दिला आणि फिजिओथेरपी सांगितली. बाहेर पैसे कशाला घालायचे, भावकीतली सून असताना? सहदेव मुलुंडहून बोरिवलीला दशरथच्या दारात येऊन उभा राहिला. दशरथने खिडकीच्या गजाला बांधलेला स्वतःचा व्यायामाचा रबरी पट्टा सोडवायचा प्रयत्न केला, पण गाठ श्रुतिकाने मारलेली, आणि ती सुटायला दोन्ही खांदे लागतात.

श्रुतिकाने सहदेवला खुर्चीत बसवलं, हात धरला आणि हळूहळू वर न्यायला लागली. सहदेव किंचाळला.

"काका, अजून काहीच केलं नाही हो मी," श्रुतिका म्हणाली. "बाबांनी पण पहिल्या दिवशी असंच घर डोक्यावर घेतलं होतं."

जानकीने कुकरखालचा गॅस बंद केला, म्हणजे काही ऐकायचं राहायला नको.

"कोणत्या बाबांनी?" सहदेवने विचारलं.

श्रुतिकाने जीभ चावली. सहदेवने खिडकीच्या गजाकडे बघितलं, मग दशरथच्या डोक्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर तिरुपतीचा उलगडा होताना स्पष्ट दिसला.

"दशरथा," तो म्हणाला, "त्या शेठाक माझो खांदो गेलो म्हणान सांगणारो तूच काय रे?"

"मीच."

सहदेवच्या तोंडून भावकीत चालतात तेवढे सगळे शब्द आले. दशरथने ते उभ्याने ऐकून घेतले. शेवटी सहदेव दमून म्हणाला, "उद्याच सभा बोलवतंय. तुझो मान गेलो म्हणान समज."

"जाईल," दशरथ म्हणाला. "कुणाला जाईल?"

"माका!"

"आणि तू गोळी कशी मारणार? गळ्यातल्या पट्ट्यानं?"

सहदेवने पट्ट्याकडे बघितलं.

"तू उभा राहिला नाहीस तर तो पुढच्या घराला जाईल. पुढचं घर कुणाचं?"

सहदेवने बोटांवर घरं मोजली आणि त्याचा चेहरा पडला. पुढचं घर सुबोधचं. फटाक्याला बाथरूममध्ये बसणाऱ्या सुबोधचं. सुबोध डोळे मिटून नुसता उभा राहिला तरी तिसऱ्या पिढीपर्यंत हा मान त्याच घरात सडणार, आणि शिमग्याला गावात मानाच्या रांगेत दोघांनी सुबोधच्या मागे उभं राहायचं.

"च्या टाक गे वहिनी," सहदेव जानकीला म्हणाला. आवाज पार बदलला होता.

दोन दिवसांनी रतनशेठच्या दुकानात दोन म्हातारे आले. एकाने पट्टा शर्टाच्या आत लपवलेला, त्यामुळे तो पोटात हात घालून फिरणाऱ्या माणसासारखा दिसत होता.

"शेठ," दशरथ म्हणाला, "हलक्या धक्क्याचं काडतूस. पुन्हा एकदा बघा ना. दोन मित्रांसाठी हवंय."

रतनशेठने एकदा याच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. "काका, मित्रांना सांगा घरी बसा."

तेवढ्यात सहदेवचा फोन वाजला. गावाहून सुंदराबाई, दोघांची चुलती. शेताच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, बसून डबा वाजवत डुकरं हाकलायचं काम हंगामभर एकट्या तिने केलं होतं, पण ती मंडळाची सभासद नसल्याने तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"डुकरां गेली रे," ती म्हणाली.

"गेली? खय?"

"पलीकडे, पाटथराक. हयसर खावक काय उरलां नाय, मगे रवतत कित्याक? तुमची मिटिंग झाली काय?"

दोघांनी एकमेकांना मिठी मारली. सोयीने मारली, डाव्या बाजूने. भात गेलं होतं ते वाईटच झालं, पण मान जागच्या जागी राहिला होता.

दोघांनी इथे थांबायला हवं होतं. पण पुढच्या सभेत सहदेव अध्यक्षपदावरून म्हणाला की डुकरं अशी आपोआप जात नसतात. दशरथची बंदूक येणार ही कुणकुण रानातही लागते, आणि त्या धाकानेच कळप हलला. सहदेवला वाटलं, एकदा ठराव झाला की विषय कायमचा मिटेल. दशरथलाही तसंच वाटलं. ठराव टाळ्यांच्या गजरात पास झाला. सुबोधने तो ग्रुपवर टाकला, फोटोसकट.

आणि तो पाटथर ग्रामस्थ मंडळापर्यंत पोचला, जे चेंबूरला भरतं.

रविवारी सकाळी पाटथरचे चार कार्यकर्ते बोरिवलीला दशरथच्या घरी आले. शाल, नारळ, सगळं घेऊन. सहदेव व्यायामाला आलेलाच होता आणि सुबोध त्याला सोडायला.

"आमचां भात संपत इलां," पाटथरचा म्होरक्या हात जोडून म्हणाला. "परवानगी काढून ठेवलीय. पहिली गोळी तुम्ही मारायची. आमच्या गावात हा मान आजवर बाहेरच्या माणसाला दिलेला नाही. आणि एक ऐकलंय, तुम्ही दुसरी गोळी सोबतच घेत नाही म्हणे?"

दशरथने जानकीकडे बघितलं. जानकी छताकडे बघत होती. शेवटी त्याने डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा मंडळासमोर, मग ते दुसऱ्याचं का असेना, खरं बोलला.

"मला जमणार नाही. माझा खांदा गेलाय. आत स्क्रू आहेत."

पाटथरचे चौघे हसले. म्होरक्याने सहदेवच्या पट्ट्याकडे बघितलं आणि दशरथचा हात आपल्या हातात घेतला.

"दशरथराव, आम्हाला सगळं ठाऊक आहे हो. खांदा सहदेवरावांचा गेलाय. भावाला कमीपणा वाटू नये म्हणून तुम्ही स्वतःवर घेताय. धन्य आहे!"

"अहो खरंच..."

"शनिवारी गाडी पाठवतो," म्होरक्या म्हणाला. शाल दशरथच्या उजव्या खांद्यावर पडली आणि वरून शाबासकीचा एक जोरदार हातही पडला. दशरथच्या तोंडून जो आवाज आला तो सर्वांनी होकार समजला.

ते गेले. घरात नारळ तेवढा राहिला. टेबलावर मधोमध. दशरथने त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या खांद्याकडे. सहदेवने पट्टा नीट केला. दोघांपैकी कुणीच कोयत्याला हात लावेना.

जानकीने पदर खोचला, नारळ डाव्या तळहातावर घेतला आणि कोयत्याच्या पाठीने एकच दणका दिला. नारळाची बरोबर दोन भकलं. पाणी तिने पेल्यात धरलं आणि तिघांच्या मधे उभी राहून विचारलं, "पयलो मान कोणाचो?"

दशरथने सहदेवकडे बघितलं. सहदेवने दशरथकडे बघितलं.

"सुबोधाक दे," दोघे एकदमच म्हणाले.